मामींच्या कानटोप्या

विणायला बसण्याआधी मी तळहातांना टाल्कम पावडर लावते. आमच्याकडे येणाऱ्यांना त्याचं हसू येतं, पण चेन्नईत लोकर विणायची तर दुसरा इलाज नाही. मे महिन्यात हाताला असा घाम सुटतो की टाका सुईवरून पुढे सरकत नाही, जागच्या जागी चिकटून बसतो. म्हणून आधी पावडर, मग डोक्यावर पाचावर पंखा, मांडीवर सुती पंचा आणि त्यावर लोकर. पंख्याच्या वाऱ्याने गुंडा घरंगळत सोफ्याखाली जातो आणि मी त्याच्यामागे रांगत जाते. नवरा हे सगळं बावीस वर्षं पाहतो आहे. "नाशिकला राहिलो असतो तर एवढं विणलं असतंस का?" असं तो विचारतो. खरं सांगायचं तर नसतं. तिथे स्वेटरची गरज होती, आणि गरजेचं काम मी कधीच मन लावून केलेलं नाही.

आम्ही चेन्नईच्या आवडी नावाच्या उपनगरात राहतो. नवरा इथल्या संरक्षण खात्याच्या कारखान्यात आहे. आधी क्वार्टर्समध्ये होतो, मग स्टेशनपासून चालत जाण्याजोग्या अंतरावर एका तीन मजली इमारतीत फ्लॅट घेतला. त्या फ्लॅटमधल्या कपाटाचे दोन खण माझ्या स्वेटरांनी आणि डांबराच्या गोळ्यांनी भरलेले आहेत. नवऱ्याचे त्यातले सात. वर्षातून एकदा गावी जाताना गाडीच्या एसी डब्यात तो त्यातला एक घालतो, म्हणजे शेवटच्या स्वेटरची पाळी येईपर्यंत पहिला त्याला होत नाही.

माझं वेड किती आहे ते सांगते. जानेवारीत कुणी पाहुणा येणार असला की त्याला आणायला मी हौसेने सेंट्रल स्टेशनवर जाते. उत्तरेकडून गाडी येते आणि माणसं अजून स्वेटर न काढताच खाली उतरतात. चेन्नईत मला इतके स्वेटर एकदम दुसरीकडे कुठे बघायला मिळणार? एकदा एका बाईच्या पाठीवर अशी सुंदर वेल होती की मी तिच्यामागे टॅक्सीच्या रांगेपर्यंत गेले, टाके मोजत. माझी नणंद त्या वेळी प्लॅटफॉर्मवर बॅगांवर बसून मला फोन लावत होती. हाताने विणलेला कपडा पाहिला की मला विणणारीचा हात दिसतो. ही घट्ट विणते, ही सैल विणते, हिला घाई होती, हिने बाह्या कुणाकडून तरी करून घेतल्यात. माणसांचे चेहरे मी विसरते, हात विसरत नाही. निदान अशी माझी समजूत होती.

आणखी एक दोष कबूल करते. "एवढी ओळ संपवते आणि उठते" हे वाक्य मी आयुष्यात जितक्यांदा बोलले असेन तितक्यांदा दुसरं काही बोलले नसेन, आणि ते एकदाही खरं ठरलेलं नाही. एक ओळ संपली की दुसरी सुरू होते. त्या पायी माझ्या घरात डोसे करपले आहेत, टाकी भरून गच्चीवरून पाणी वाहिलं आहे.

मामींची आणि माझी ओळख जिन्यात झाली. या घरात राहायला आलो तो पहिला आठवडा होता. पिशवीतून सुयांची टोकं बाहेर आलेली, मी वर चालले होते. तळमजल्याच्या दारातून आवाज आला, "कितीं टाके घातलेस?"

मी जिन्यातच थांबले. आवडीत कुणी मराठीतून हाक मारील याची तयारी नव्हती, आणि तीही टाक्यांबद्दल! दारात एक उंच, बारीक बाई उभ्या होत्या. नऊवार नाही, साधी सुती पाचवारी, नाकात दोन्ही बाजूंना चमक्या. त्यांचं घराणं मूळचं तंजावूरचं. कैक पिढ्या तमिळ मुलखात राहून त्यांनी मराठी टिकवली होती, ती जुन्या पोथीतल्यासारखी, मध्ये मध्ये तमिळ पेरलेली. शाळेत गणित शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या. सगळी इमारत त्यांना मामी म्हणायची, मीही म्हणू लागले. माझ्या मराठीला त्या हसत. "तुझी मराठी रेल्वेंत सूचना देतात तैसी," असं त्या म्हणत.

तेव्हापासून दुपारी तीन वाजता मी खाली जायची आणि साडेचारला वर यायची. मधल्या वेळात आम्ही विणायचो, आणि चार वाजता मामी उठून कॉफी करायच्या. स्वयंपाकघरात त्यांनी मला कधी येऊ दिलं नाही. "बैस. काफी मी करतें," एवढंच. डिकॉक्शन, दूध, पेला-वाटीत वरून खाली ओतणं, सगळं मिळून बारा मिनिटं.

मामींचा हात माझ्याहून वेगळा होता. मी सुई टाक्याच्या पुढून घालते, बहुतेक सगळ्या तशीच घालतात. मामी मागून घालायच्या. त्यामुळे त्यांच्या प्रत्येक टाक्याला पीळ बसे आणि तो पायात पाय अडकवून उभा राही. पहिल्याच दिवशी मी शहाणपणा केला. "मामी, तुमचे टाके पिळले जाताहेत."

"जाऊं देत," त्या म्हणाल्या. "माझ्या आईचा हात ऐसाच होता."

त्यानंतर मी त्याबद्दल बोलले नाही. पुढे पुढे मला ती वीण आवडायलाही लागली. ती घट्ट असते, ताणून सैल होत नाही.

मामी वर्षभर बारीकसारीक विणत, पण त्यांचं मुख्य काम नवरात्रानंतर सुरू व्हायचं. कोलूच्या, म्हणजे नवरात्रात पायऱ्यांवर मांडायच्या बाहुल्या कागदात गुंडाळून माळ्यावर गेल्या की त्या मुलासाठी कानटोपी घालायला घ्यायच्या. त्यांचा एकुलता एक मुलगा श्रीपेरुंबुदूरला गाड्यांच्या कारखान्यात आहे आणि तिथेच बायको-मुलीसह राहतो. पहिल्या पाळीला पहाटे पाचला कंपनीची बस येते. मार्गळीत, म्हणजे आपल्या मार्गशीर्षाच्या सुमाराला, त्या बसची वाट बघताना त्याच्या कानांना वारा लागतो. आता चेन्नईची थंडी ती काय! पहाटे पारा बावीसवर आला की अख्खी वस्ती कानटोप्या चढवून अशी बाहेर पडते की वाटावं, हे हिमालयात निघालेत. मी नाशिकची, थंडी म्हणजे काय ते पाहिलेली. मी आयुष्यात कानटोपी घातली नाही आणि घालणाऱ्यांना मनसोक्त हसले.

"तुज हसूं येतें," मामी म्हणायच्या. "डोकें तुझें नव्हे."

मामींचे यजमान गेले तेव्हा मुलगा आईला न्यायला आला. मी तिथेच होते. मामी 'नाही' म्हणाल्या. हे घर, हा जिना, समोरचा पिल्लैयारचा, म्हणजे गणपतीचा देव्हारा, रोज सकाळी दारात काढायची कोलमची रांगोळी, यांतलं काही सोडून त्यांना जायचं नव्हतं. मुलगा बराच वेळ समजावत होता. शेवटी हसून म्हणाला, "सरि अम्मा, बरें. जोवर तूं माझी टोपी विणतेस तोवर मी कांही बोलणार नाही."

तो गमतीत बोलला होता, पण मामींनी ते गणिताच्या बाईसारखं मनात लिहून ठेवलं. टोपी झाली तर या घरात राहायचं, नाही झाली तर जायचं. पुढे दर वर्षी टोपी झाली की त्या मला म्हणत, "आणिक एक वर्ष मिळालें."

तीन वर्षांपूर्वी त्यांनी काळी लोकर नको म्हटलं. मग पांढरट, फिकट रंग मागायला लागल्या. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की हे ऑपरेशनने जाणारं नाही, नजरेच्या मध्यभागी डाग धरलाय, तो हळूहळू वाढेल. मामींनी मला ते बाजारभाव सांगावा तसं सांगितलं. "कडेचें दिसतें, मधलें दिसत नाही. तेणें काय होतें? विणायला डोळे कोण वापरतो? माझे हात पाहतात."

त्याच आठवड्यात त्या कॉफी करायला आत गेल्या असताना मी त्यांचं विणकाम उचललं, सहज, वीण बघायला. मध्ये एक टाका सुईवरून गळला होता आणि आठ ओळी खालपर्यंत उसवत गेला होता, शिडीसारखा. माझ्या पिशवीत क्रोशाची सुई असतेच. ती घातली, एकेक आडवा धागा ओढून घेत टाका वर आणला, सुईवर चढवला आणि विणकाम होतं तसं ठेवून दिलं. मामी कॉफी घेऊन आल्या. मी म्हटलं, "छान झालीय."

त्या वर्षी असे दोन टाके गळले. पुढच्या वर्षी पाच. मी बारा मिनिटांत सगळं भरून काढण्यात तरबेज झाले. कॉफी ओतल्याचा आवाज आला की क्रोशा पिशवीत जायचा. मुलगा टोपी घालून व्हिडिओ कॉल करायचा, ती सगळ्या बाजूंनी फिरवून दाखवायचा, आणि मामी विचारायच्या, "कोठें खोट आहे का, पाहा." नसायची.

गेल्या वर्षी कार्तिकात एक दिवस मामी कॉफी घेऊन आल्या तर त्यांच्या पदराचं टोक तपकिरी झालं होतं. हातभर नाही, चार बोटं. पण ते जळालेलं होतं.

"मामी, पदर!"

"जुना आहे," त्या म्हणाल्या आणि पदर कमरेला खोचला.

संध्याकाळी मी नवऱ्याला सांगितलं. तो शांत माणूस आहे, पण त्याने लगेच हातातला पेपर ठेवला. "मुलाला फोन कर. आत्ता."

"एवढी ओळ संपवते आणि करते," मी म्हटलं.

केला नाही. का केला नाही, ते मला पक्कं ठाऊक आहे. मामींची स्वतंत्र वृत्ती वगैरे मी स्वतःला सांगत होते, आणि ते थोडं खरंही होतं. पण त्याहून खरं हे, की मामी गेल्या असत्या तर दुपारी तीन वाजता मी कुठे गेले असते? या शहरात माझं विणकाम बघून 'कितीं टाके घातलेस' असं विचारणारं दुसरं कोणी नव्हतं. मला त्या हव्या होत्या. त्यासाठी त्यांचा पदर जळाला तरी मी क्रोशा चालवत राहिले. आज हे लिहितानाही मला लाज वाटते.

मार्गळी लागायला चार दिवस होते. टोपी विणून झाली होती, फक्त मागची शिवण राहिली होती. मी तीनला खाली गेले तर मामी खुर्चीत ताठ बसल्या होत्या. टोपी मांडीवर पसरलेली, आणि तांदूळ निवडावे तशी त्यांची बोटं तिच्यावरून फिरत होती.

"बैस," त्या म्हणाल्या. मी बसले.

"हा माझा हात नव्हे."

त्यांनी माझं बोट धरलं आणि टोपीवर ठेवलं. "इथें पाहा. माझा टाका पायांत पाय अडकवून उभा असतो. हे सरळ उभे आहेत. इथें आणिक. इथें आणिक."

तीन वर्षं मी गळलेले टाके वर आणत होते, आणि ते माझ्या हाताचे आणत होते, सरळ. पीळ घालायचं मला एकदाही सुचलं नव्हतं. माझ्या लेखी सरळ टाका म्हणजे बरोबर टाका, त्यात विचार कसला करायचा? सेंट्रल स्टेशनवर परक्या बाईच्या पाठीवरून तिचा हात ओळखणारी मी, स्वतःचा हात तिथे सोडून आले होते. जिथे जिथे मामींचा टाका गळला तिथे तिथे मी खूण करून ठेवली होती.

"अकरा," मामी म्हणाल्या. "बरोबर की?"

"बरोबर."

"गेल्या साली?"

"पाच. त्याआधी दोन."

गणिताच्या बाईंना त्यापुढे काही सांगायची गरज नव्हती. त्यांनी तोंड खिडकीकडे वळवलं. मग म्हणाल्या, "डोळ्यांचें मज ठाऊक होतें. हातांचें ठाऊक नव्हतें. तेंच तूं लपवलेंस."

मला रडू फुटलं. "तुम्ही जाऊ नये म्हणून, मामी."

"पदर जळाला तोही तूं पाहिलास."

"पाहिला."

त्या रागावून काही तरी बोलतील म्हणून मी वाट पाहत होते. त्यांनी टोपीची घडी केली. "काफी कर," त्या म्हणाल्या. "आज तूं कर."

अकरा वर्षांत मी पहिल्यांदा त्यांच्या स्वयंपाकघरात पाऊल टाकलं. दुधाचं पातेलं बुडापासून काठापर्यंत काळं झालं होतं. आणि सगळीकडे लोकर होती. गॅसच्या एका बटणाला लाल धागा बांधला होता. साखरेच्या डब्याला एक गाठ, मिठाच्या डब्याला दोन, कॉफीच्या डब्याला तीन. ते सगळे माझ्याच उरल्यासुरल्या लोकरीचे तुकडे होते, मीच कधी कधी त्यांना दिलेले. तीन वर्षं त्या या गाठींवर बोटं ठेवत मला वेळेवर कॉफी आणून देत होत्या, आणि तेवढ्या वेळात मी बाहेर त्यांचे टाके भरत होते. आम्ही दोघी एकमेकींपासून एकच गोष्ट लपवत होतो. मी दूध तापवलं आणि ओट्याला टेकून पुन्हा रडले.

संध्याकाळी मामींनी स्वतः मुलाला फोन केला. तो रविवारी आला. टोपी त्याच्या हातात दिल्यावर त्याने ती नेहमीसारखी घालून पाहिली आणि म्हणाला, "नल्ला इरुक्कु अम्मा." छान झालीय. विणकाम न येणाऱ्याला त्यात काहीच दिसणार नव्हतं. मामींना गप्प बसता आलं असतं. आणखी एक वर्ष त्यांना मिळालं असतं, आणि मी तोंड उघडलं नसतं.

"तींत अकरा टाके हिचे आहेत," मामी माझ्याकडे बोट करून म्हणाल्या. "ही टोपी माझी धरायची नाही. पोंगल होऊं दे. मी येतें."

पोंगलनंतर, म्हणजे आपली संक्रांत झाल्यावर, त्या गेल्या. जाताना त्यांनी माझ्याकडून जाड लाकडी सुया मागून घेतल्या, आणि जाड लोकरीच्या चार लड्या. तळमजल्यावर आता एक तरुण जोडपं राहतं. दोघं संगणकावर काम करतात, गोड आहेत, गाडी लावायला जागा नाही म्हणून कुरकुरतात. तीन वाजले की अजूनही मी पिशवी उचलते आणि मग खाली ठेवते. फोनवर मी आणि मामी बोलतो. नात त्यांना मोबाईल धरून देते. ती मराठी बोलत नाही, तमिळमधून विचारते की आजी तुमच्याशी कोणती भाषा बोलते. विणण्याबद्दल मामी कधी काही बोलल्या नाहीत आणि विचारायची माझी हिंमत झाली नाही.

या मार्गळीच्या पहिल्याच रविवारी मुलगा दारात उभा राहिला. हातात एक कव्हर, इथे प्लास्टिकच्या पिशवीला कव्हरच म्हणतात. "अम्माने दिलं," तो म्हणाला. त्याच्या स्कूटरच्या आरशाला एक कानटोपी अडकवलेली दिसली. "ती माझी दुकानातली," तो म्हणाला. "या वर्षी अम्माने एकच केली. तुमची."

राखाडी रंगाची, जाड लोकरीची टोपी होती. मी ती खिडकीशी नेली आणि माझी नजर आधी जिथे जायची तिथेच गेली. दोन ठिकाणी टाका गळून चांगली भोकं पडली होती. माझा हात आपसूक पिशवीत गेला आणि क्रोशाची सुई बाहेर आली.

मग मी सुई बाजूला ठेवली आणि डोळे मिटून टोपीवरून बोट फिरवलं. मामींची वीण, पीळ, पीळ, पीळ. आणि कपाळाच्या बरोबर मधोमध बोट थांबलं. तिथे एक रांग सरळ होती. काठापासून शेंड्यापर्यंत, एकही टाका न चुकता, सरळ.

ते चुकून झालेलं नव्हतं. साठ वर्षं सुई मागून घालणाऱ्या बाईचा हात चुकला तर टाका गळेल, पण सरळ होणार नाही. नजरेशिवाय, प्रत्येक ओळीत टाके मोजत त्या जागी येऊन, आईकडून आलेली सवय क्षणभर बाजूला ठेवून त्यांनी सुई पुढून घातली होती. माझ्यासारखी. सगळ्या टोपीत त्यांनी माझ्या हाताला एक जागा दिली होती, आणि या वेळी ती त्यांनी स्वतः दिली होती.

मी फोन लावला.

"मिळाली की?" मामींनी विचारलं.

"मिळाली."

"दोन ठिकाणीं गळलें आहे. मज ठाऊक आहे. तूं भरूं नको."

"नाही भरणार."

"आणिक कांही दिसलें?"

"दिसलं, मामी."

"डोळ्यांनी पाहिलेंस की बोटानें?"

"बोटाने," मी म्हटलं, आणि पलीकडे त्या हसल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे दूध आणायला निघाले तेव्हा मी टोपी कानांवर ओढली. नवऱ्याने पांघरुणातून डोकं बाहेर काढलं, मोबाईलवर पारा पाहिला आणि मला ऐकू जाईल असं मोठ्याने वाचलं. चोवीस. "तू? कानटोपी?" असं म्हणून तो खो खो हसायला लागला.

"डोकं तुझं नाही," मी म्हटलं आणि दार ओढून घेतलं. बाहेर वारा होता. मामींच्या दोन्ही भोकांतून तो आत येत होता, आणि मी त्याला येऊ दिलं.